यानुश काय म्हणाला

१४ नोव्हेंबर १९९६

ही वही रंजीता मॅडमनी दिली. म्हणाल्या, "फैज, रोज लिहायची गरज नाही. पण जे घडेल ते त्याच दिवशी लिहा. नंतर आठवून लिहिलं की माणूस सोयीचं तेवढंच आठवतो."

घडणार आहे ते असं. आमच्या खाणीत कोळसा भरणारी मशीन येत आहे. पोलंडमधल्या एका बंद पडलेल्या खाणीतली, जुनीच. ती बसवून चालू करून द्यायला तिकडचाच एक कामगार सोबत येणार आहे. तो तोडकंमोडकं इंग्रजी बोलतो म्हणे. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, दुभाष्याचं काम तू करायचं. मी लॅम्प रूमचा बाबू. खाली उतरणारा प्रत्येक जण माझ्या खिडकीतून दिवा नेतो आणि पाळी सुटली की आणून देतो. खण रिकामा दिसला की समजायचं, माणूस अजून खाली आहे. सोळा वर्षं हेच करतो. एम.ए. मात्र बाहेरून केलं, समाजशास्त्रात, आणि तेव्हापासून चंद्रपूरला मॅडमच्या रविवारच्या अभ्यासवर्गाला जातो.

मशीन आली की भरणाऱ्यांचं काम जाणार, हे सगळ्यांना माहीत आहे. युनियनचा मी सहचिटणीस. अध्यक्ष बापूराव म्हणाले, "बरं झालं. आपला माणूस त्याच्या कानापाशी राहीन."

२४ नोव्हेंबर

अभ्यासवर्ग. आठ जण होतो. विषय, सीमेपलीकडच्या कामगारांची एकजूट. मॅडमनी इंग्रजी लेखाच्या झेरॉक्स वाटल्या. माझ्याशिवाय कुणी पूर्ण वाचला नव्हता.

मॅडम म्हणाल्या, "दया आणि एकजूट यांत फरक आहे. दया करायला समोरचा काय बोलतो ते ऐकावं लागत नाही. एकजुटीत तो तुम्हाला 'नाही' म्हणू शकतो, आणि ते 'नाही' ऐकूनही तुम्ही त्याला सोडत नाही."

मी विचारलं, "आमची रोजी घालवणारी मशीन घेऊन येणारा आपला की परका?"

"ते तुमच्या माझ्या ठरवण्यावर नाही. त्याला विचारा. आणि तुमच्या लोकांना त्याचं उत्तर ऐकू द्या."

परतीच्या बसमध्ये मला एकच गोष्ट सुचत राहिली. ज्या देशातल्या कामगारांनी आपल्या संघटनेचं नावच 'एकजूट' ठेवलं, तिथला खाणकामगार आमच्याकडे येतो. यातून काहीतरी मोठं घडायलाच पाहिजे. मॅडम म्हणतात तसं ते नीट लिहिलं, तर बाहेरच्या देशातही लोक वाचतील.

३ डिसेंबर

यानुश आला. वय एक्कावन्न. पांढऱ्या मिशा, डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. सत्तावीस वर्षं जमिनीखाली काढलेला माणूस. मॅनेजरसाहेबांनी हार घातला, तो त्यानं उतरवून टेबलावर ठेवला आणि 'दिवा कुठे मिळतो' म्हणून विचारलं. मग माझ्या खिडकीसमोर रांगेत उभा राहिला, भरणाऱ्यांपैकी इतवारीच्या मागे.

खाली जंगू भेटला. जंगू आलापल्लीकडचा माडिया, भरणाऱ्यांच्या टोळीचा मुखिया. त्याच्यासकट अठरा माणसं फावड्यानं आणि टोपलीनं कोळसा डब्यात भरतात. कामाला लागण्याआधी जंगू काठीनं छत ठोकतो आणि ऐकतो. छत शाबूत असलं की खणखणीत वाजतं, सुटलं असलं की बद्द. पाळीवर देखरेख करणाऱ्या ओव्हरमनच्या खडूच्या खुणेपेक्षा लोक जंगूच्या कानावर जास्त भरवसा ठेवतात. यानुशनं ते पाहिलं, पुढे झाला, एक तळवा छताला टेकवला, दुसऱ्या हातानं जंगूची काठी घेतली आणि ठोकलं. तो छताची थरथर हातानं ओळखतो. अर्धा तास दोघं तसेच हिंडले. एक कान लावून, एक तळवा लावून. मध्येच हसत होते. मला त्यांनी काही विचारलं नाही. मी बाजूला दिवा घेऊन उभा.

माझ्याशिवाय त्यांचं कसं काय जमलं याचं नवल वाटलं. थोडं वाईटही वाटलं, तेही लिहून ठेवतो.

११ डिसेंबर

पोलंडच्या खाणीत एकमेकांना भेटलं की जे म्हणतात ते यानुशनं जंगूला शिकवलं. जंगूच्या तोंडी ते "शेंच बोजे" असं येतं. यानुश त्याला "जोहार" म्हणतो. आता पूर्ण टोळी "शेंच बोजे" करून राह्यली आहे.

२४ डिसेंबर

आज यानुशला घरी जेवायला बोलावलं. त्यांचा नाताळ आजच्या संध्याकाळचा, आणि आज मांस खात नाहीत. आबिदानं इरई नदीतली मासळी केली. आबिदा म्हणजे माझी बायको, तिला इंग्रजी येत नाही, पण यानुशनं हातवारे करून दाखवलेलं सगळं तिला कळत होतं.

त्यानं एक ताट जास्त मांडायला लावलं. त्यांच्याकडे रीत आहे म्हणे, न बोलावता कुणी आलं तर त्याच्यासाठी. अरीबानं, आमच्या मुलीनं, ते ताट मांडलं आणि दहा मिनिटांत दारात जंगू. रुमालात बोरं बांधून आणली होती, यानुश इथे आहे हे कळलं म्हणून. यानुश उठून उभाच राहिला. डोळे भरले त्याचे. जंगूला हाताला धरून त्या ताटावर बसवलं.

जंगू मला म्हणाला, "बाबू, हा रडून काऊन राह्यला?"

मी म्हणालो, "आनंदानं."

मला तसं वाटलं. नंतर यानुश म्हणाला की त्याच्या घरी त्याच्या खाणीतला एक मित्र दर वर्षी त्या ताटावर बसायचा, आणि खाण बंद झाल्यावर त्यानं गळफास घेतला. तोपर्यंत जंगू निघून गेला होता.

८ जानेवारी १९९७

महत्त्वाचा दिवस, म्हणून सविस्तर लिहितो.

पाळी सुटल्यावर कँटीनमागच्या बाकावर बसलो होतो. यानुश, जंगू, त्याच्या टोळीतला इसरू आणि मी. मशीन जोडून झाली आहे. पंधरा दिवसांत चालू होईल.

जंगूनं मला सांगितलं, "बाबू, आज त्याले खरं खरं विचारा. या मशीनीनं आमची रोजी जाईन का? आन् तो काय करणार हाय?"

मी विचारलं. यानुशनं बराच वेळ विडी फिरवली, जंगूनंच दिलेली. मग बोलला ते असं: "हो, जाईल. आमच्याकडेही अशीच मशीन आली. तीन वर्षांत आम्ही निम्मे राहिलो, मग खाणच बंद. आम्ही लढलो होतो, जिंकलोही होतो, तरी बंद झाली. त्याला खोटं सांगू नको. मी मशीन चालू करणार. केल्याशिवाय मला पगार नाही आणि घरी माझ्याशिवाय कमावणारं कुणी नाही. पण मी मॅनेजरला लिहून देतो की हा माणूस मशीनवर घ्या. याच्यासारखा कान मी पाहिला नाही. सहा आठवड्यांत मी त्याला शिकवीन, त्याच्यासोबत आणखी तिघांना. सगळ्यांना नाही जमणार. चौघांना जमेल. त्याला विचार, शिकशील का?"

जंगू माझ्या तोंडाकडे पाहत होता.

मी विचार केला, बापूरावांनी परवाच बजावलं आहे की आपला एक माणूस मशीनवर चढला की लढाई संपली. अठरातल्या चौघांना वर काढायचं आणि चौदांना सोडायचं, ही एकजूट नव्हेच. मॅनेजरला हेच पाहिजे. आणि यानुश मनानं आमच्यासोबत आहे हे तर मी डोळ्यानं पाहिलेलं. माणूस जे बोलतो त्याच्या मागं काय आहे ते दुभाष्यानं ओळखायला नको का?

मी म्हणालो, "तो म्हणते, त्याच्या खाणीतही असंच झालं. त्याचीही रोजी गेली. तो आपल्या सोबत हाय."

जंगूनं विचारलं, "म्हंजे चालू नाई करणार?"

मी मान हलवली. नेमकी कशी हलवली ते आता लिहिताना आठवत नाही.

जंगूनं यानुशचा हात दोन्ही हातांत घेतला. यानुश मला म्हणाला, "म्हणजे तो शिकायला तयार आहे?" मी म्हणालो, विचार करून सांगतो म्हणतो.

शब्दाला शब्द नाही, पण मथितार्थ पोचला असं मला वाटतं.

१२ जानेवारी

गेटसभा. पाचशेच्या वर माणसं. जंगू आजवर कधी माइकवर बोलला नव्हता. आज स्वतःहून उठला.

"तो गोरा समुद्र पार करून आला. त्याची मशीन, त्याचाच हात. पण त्यानं मले जबान देल्ली, हे तो चालू नाई करणार. आपली जात वेगळी, देश वेगळा, पण तो आपला भाऊ हाय. आपणबी त्याले एकटा नाई सोडणार."

टाळ्या थांबत नव्हत्या. माझ्या अंगावर काटा आला. रंजीता मॅडम मुद्दाम चंद्रपूरहून आल्या होत्या. त्या जंगूचं भाषण टिपून घेत होत्या. मी आधीच लिहून ठेवलेला लेख त्यांना दिला. त्या इंग्रजीत नीट करून बाहेरच्या एका मासिकाकडे पाठवणार आहेत. जाताना त्यांनी विचारलं, "इथे आज काय बोललं गेलं, ते यानुशला सांगितलंत ना?"

म्हणालो, सांगतो.

इफ्तारीला बसलो तेव्हा आबिदानं विचारलं, "त्यानं खरंच तशी जबान देल्ली? जेवायला आला त्या दिवशी तर तुमीच मले सांगतलं, त्याची बायको घरी बसून आहे, पोरगी शिकते."

मी चिडलो. म्हणालो, "राजकारणातलं तुले काय समजते?" तिनं खजूर माझ्यापुढे सरकवला. पहिल्याच रोज्यांत असं बोलायला नको होतं.

१४ जानेवारी

संक्रांत. भरणाऱ्यांनी यानुशला इतका तिळगूळ दिला की दोन्ही खिसे भरले. इतवारीच्या आईनं ओवाळलं. यानुश मला म्हणाला, "सगळे माझ्यावर इतके खूश का आहेत?" मी म्हणालो, आज सण आहे.

सभेचं सांगायचं राहून गेलं. ओव्हरमन सोबत होता.

२० जानेवारी

मशीन चालू झाली.

यानुश स्वतः बसला होता. सात नंबरच्या गल्लीत, साहेब लोक मागे उभे. आवाज असा की दातांत घुसतो. भरणारे शेजारच्या आठ नंबरच्या तोंडाशी उभे राहून पाहत होते. मशीन थांबल्यावर यानुश खाली उतरला, चेहरा काळा, आणि जंगूकडे हात पुढे केला. जंगू त्याच्या हाताच्या बाजूनं निघून गेला. जसा खांबाच्या बाजूनं जातो तसा.

वर आल्यावर जंगूनं दिवा माझ्या खिडकीत ठेवला. "बाबू, तुमच्या भावानं धोका देल्ला."

मी म्हणालो, "मॅनेजरनं जोर केला असंन."

"मंग मले सांगाचं होतं. मी त्याच्यासाठी पाचशे लोकाईत बोल्लो."

यानुशनं मला विचारलं, "काय झालं? त्याला ठाऊकच होतं ना?" मी म्हणालो, मशीन पाहून ते दुखावले आहेत, होईल ठीक.

दोघांना दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत, आता कोणती कशी मागे घेऊ? एक-दोन दिवस जाऊ देतो. लोक शांत झाले की दोघांना समोरासमोर बसवून नीट सांगीन.

२१ जानेवारी

भरणाऱ्यांनी ठरवलं की मशीनशेजारीच, आठ नंबरला, हातानं भरून दाखवायचं. पाळीला मशीनपेक्षा एक तरी डबा जास्त. म्हणजे साहेबांना दिसेल की माणूस स्वस्त आणि खात्रीचा. बापूरावांना कल्पना आवडली. मलाही आवडली.

२३ जानेवारी

जंगू गेला.

२५ जानेवारी

आता लिहितो.

परवा सकाळी यानुश धावत माझ्या खिडकीशी आला. म्हणाला, "आठ नंबरचं छत सुटत आहे. मशीन चालली की खडक हलतो. मी हात लावून पाहिलं. ओव्हरमनला सांगितलं, तो म्हणतो सकाळी तपासलं आहे, पुढच्या पाळीत टेकू लावू. चल, त्यांना सांग. आत्ता."

मी दिवा घेऊन उतरलो. अर्ध्या वाटेत रोज्यामुळे घशाला कोरड पडली होती तेवढी आठवते. मशीन शेजारी चालू होती. जंगूनं नेहमीसारखी काठी छताला लावली होती, पण त्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? यानुशनं त्याला खूण केली, तळवा वर लावून दाखवला. जंगूनं पाहिलं नाही.

मी ओरडून सांगितलं. या वेळी शब्दन् शब्द सांगितला. "जंगू, तो म्हणते छत सुटलं हाय. मशीनीनं खडक हलते. टेकू लागल्याशिवाय आत जाऊ नका. बाहेर निघा."

जंगू हसला. मला ते हसू अजून दिसतं. "परवा खोटं बोल्ला, आज खरं बोल्ला काय? आमाले इथून काढाचं हाय त्याले. जागा पायजे मशीनीले."

"नाही जंगू, हे खरं हाय."

"तुमाले कसं मालूम? त्या रोजीबी तुमीच सांगतलं होतं."

तेव्हा बोलता आलं असतं. एकच वाक्य होतं. तो खोटं बोलला नव्हता, मी बोललो होतो. इसरू, इतवारी, सगळे माझ्याकडे पाहत होते. यानुश माझा खांदा हलवून विचारत होता, "काय म्हणतो? काय म्हणतो?" मी म्हणालो, "जंगू, ऐक ना." एवढंच म्हणालो. तो फावडं घेऊन वळला.

आम्ही ओव्हरमनला शोधायला वीस पावलं गेलो असू. आवाज फार मोठा नव्हता. धूळ आली. इसरू आणि बाकीचे तोंडाशी होते म्हणून वाचले. जंगू पुढे होता. तो नेहमी पुढेच असायचा.

यानुशनं मशीननं दगड उचलले. दोन तास लागले.

काल त्याला गावी नेलं. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, मग आलापल्लीच्या पुढे सागाच्या जंगलातून अकरा किलोमीटर कच्चा रस्ता. ट्रकमध्ये मागे यानुश बसला होता, कुणी त्याला बस म्हटलं नाही, कुणी उतर म्हटलं नाही. जंगूची बायको सुकरी, खाणीच्या वस्तीतून दोनच दिवसांपूर्वी शेतीच्या कामाला गावी आलेली, वावरातून आली. ती रडली नाही. तिनं आधी त्याचे कान पुसले, पदरानं, धूळ होती म्हणून.

२८ जानेवारी

कामावर गेलो. चौकशी झाली. माझा जबाब घेतला. विचारलं, इशारा दिला होता का? म्हणालो, दिला होता. मयतानं ऐकला का? म्हणालो, नाही. सगळी उत्तरं खरी होती. सही केली.

३० जानेवारी

यानुश ठरल्याआधीच, पाच तारखेला, परत जाणार. आज लॅम्प रूममध्ये येऊन बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला जायच्या आधी त्याच्या बायकोशी बोलायचं आहे. तू सोबत चल. मी जे बोलीन ते तसंच सांगशील. ती जे बोलेल ते मला तसंच."

त्याला संशय आला असावा. की हा माझाच विचार?

२ फेब्रुवारी

रविवार. जीपनं गेलो, मी आणि तो.

सुकरी घरासमोर मोहाच्या झाडाखाली बसली होती, शेजारी जंगूचा म्हातारा बाप. तिला मराठी चांगली येते, दोन वर्षं ती जंगूसोबत खाणीच्या वस्तीत राहत होती. यानुश खाली मातीतच बसला. "जोहार" म्हणाला. तिनंही म्हटलं.

मग तो बोलला. एकेक वाक्य बोलून थांबत होता, माझ्याकडे पाहत.

"मी त्याला आधीच सांगितलं होतं की मशीन चालू करणार."

मी ते मराठीत सांगितलं. माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटला. सुकरीनं मान वर केली.

"मी त्याला म्हणालो, तू मशीनवर शीक. मी शिकवतो. मॅनेजरला चिठ्ठीही लिहून दिली, त्यात त्याचं नाव पहिलं आहे."

सांगितलं.

"त्यानं मला उत्तर दिलं नाही. मग बोलणंच बंद केलं. मला एवढंच समजून घ्यायचं आहे. माझ्याकडून शिकणं त्याला कमीपणाचं वाटलं का?"

तेही सांगितलं. तसंच्या तसं.

म्हातारा माडियात काहीतरी विचारत होता, सुकरीनं हातानं त्याला थांबवलं. मग यानुशकडे नाही, माझ्याकडे पाहून म्हणाली, "हे त्यानं घरी कधी सांगतलं नाई. सगळं सांगे मले. गोरा खोटं बोल्ला म्हणून दोन रोज जेवला नाई."

"काय म्हणते?" यानुशनं विचारलं.

मी सांगितलं.

"बाबू," सुकरी म्हणाली, "तुमी त्याले सांगतलं होतं का, शीक म्हणून?"

"नाही."

"चालू करणार हाय, हे सांगतलं होतं?"

"नाही."

"काय म्हणते?" यानुश. त्याला उत्तर माहीत झालं होतं, तरी त्यानं विचारलं. मी तिचे दोन प्रश्न आणि माझी दोन उत्तरं त्याला इंग्रजीत सांगितली. आजवर इतकं बिनचूक भाषांतर मी केलं नाही.

तो उठला. मोहाच्या खोडाला हात लावून पाठमोरा उभा राहिला. खांदे हलत होते.

सुकरी म्हणाली, "त्याले सांगा, जंगू शिकला असता. मशीन जुळत होती तवा घरी येऊन सांगे, तिच्या पोटाले कान लावून पाह्यलो म्हणे. पोरावानी सांगे. त्याले हे सांगा. सगळं सांगा."

सांगितलं. सगळं.

परतल्यावर चंद्रपूरला उतरताना मी यानुशला म्हणालो, मला माफ कर. तो म्हणाला, "मी तुझी भाषा शिकायला हवी होती. दोन महिने होते." आणि जीपचं दार हळू लावलं. जोरात लावलं असतं तर बरं वाटलं असतं.

६ फेब्रुवारी

काल तो गेला. स्टेशनवर मी गेलो नाही. इसरू गेला होता, म्हणतात. गाडी सुटेपर्यंत दोघं नुसते उभे होते.

आबिदाला सगळं सांगितलं. ती रडली. म्हणाली, "मी तुमाले विचारलं होतं." तिनं टोमणा मारला नाही. तेच जास्त लागलं.

१६ फेब्रुवारी

ईद झाली. बापूरावांकडे गेलो. म्हणालो, गेटसभेत मला उभं राहून सांगायचं आहे. ते म्हणाले, "येडे झाले काय? हुतात्मा झाला तो आपला. त्याच्या नावावर लोक उभे हायत. तुमी असं सांगान त युनियन फुटंन. तोंड बंद ठेवा." मी सहचिटणीसपदाचा राजीनामा दिला. तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला, वाचला नाही.

सभेत बोलू देणार नाहीत म्हणून संध्याकाळी इसरूच्या खोलीवर जाऊन त्याला आणि टोळीला सांगितलं. कुणी मारलं नाही. इतवारी म्हणाला, "आता जा, फैजबाबू." दुसऱ्या पाळीपर्यंत सगळ्या खाणीत कळलं. लोक दिवा घेतात आणि जातात. माझ्या हाताला बोट लागणार नाही असा घेतात.

९ मार्च

अभ्यासवर्गाला जाणं सोडलं होतं. आज ही वही मॅडमना वाचायला दिली. त्यांनी तिथेच बसून वाचली. चहा थंड झाला.

मी वाट पाहत होतो की रागावतील. त्या म्हणाल्या, "सभेच्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही 'सांगतो' म्हणालात आणि मी पुढं विचारलं नाही. मलाही तीच गोष्ट खरी व्हायला हवी होती, फैज. लेख तयार होता."

लेख. मी विसरलोच होतो. तो जानेवारीतच गेला होता. मॅडमनी मासिकाला छापू नका म्हणून पत्र टाकलं.

२२ एप्रिल

पत्र उशिरा पोचलं असावं. आज मासिक आलं, मार्चचा अंक. गुळगुळीत कागद. 'भारतीय खाणीत पोलिश कामगाराचा नकार.' खाली माझं नाव. जंगूचं पूर्ण भाषण, इंग्रजीत. 'तो आपला भाऊ आहे.'

सोबत संपादकांनी आलेली पत्रं पाठवली आहेत. एक दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतल्या लोकांचं आहे, बावीस सह्या, त्यांतले चार अंगठे. 'तुमच्या जंगूची गोष्ट आम्ही पाळीच्या आधी वाचून दाखवली. त्याला सांगा की आम्ही त्याच्यासोबत आहोत.'

मॅडमनी आणि मी बसून खुलासा लिहिला. खरं काय घडलं ते, नावासकट. त्या बावीस जणांना मी वेगळं पत्र लिहिलं. तीनदा फाडलं. चौथ्यांदा जसं होतं तसं टाकलं. अजून कुणाचं उत्तर नाही.

१५ जून

यानुशच्या चिठ्ठीतली चार माणसं मशीनवर घेतली. जंगूच्या जागी इसरू. शिकवायला आता नागपूरचा एक इंजिनिअर आहे, तो घाई करतो. बाकीच्या तेरा जणांपैकी सात जणांना वरच्या कामावर टाकलं, चौघांची बदली झाली, दोघं गावी निघून गेले. युनियननं गेटवर जंगूचा फोटो लावला आहे. खाली लिहिलं आहे, मशीनविरुद्धच्या लढ्यातील हुतात्मा. त्यासमोरून इसरू रोज मशीनवर जातो.

१४ जुलै

सुकरी कामाला लागली. नवऱ्याच्या जागी विधवेला घेतात, त्या नियमात. बायांना खाली उतरवत नाहीत, म्हणून वरचं काम, आणि वरच्या कामांत जागा रिकामी होती ती लॅम्प रूममध्ये. मी मॅनेजरसाहेबांना म्हणालो, मला दुसरीकडे टाका. ते म्हणाले, तिला शिकवणार कोण?

सकाळी सातला आली. धुतलेलं हिरवं लुगडं, हातात टिफिन. "जोहार बाबू" म्हणाली. मीही म्हटलं.

दिव्याची बॅटरी किती तास चार्ज करायची, तिच्यात पाणी कधी घालायचं, बल्ब कसा तपासायचा, कोणाचा खण कोणता, एकेक करून सांगितलं. सावकाश, सोप्या शब्दांत, काही न गाळता. ती लक्ष देऊन ऐकत होती. मध्ये थांबवत नव्हती. मी म्हणालो, "बॅटरीतल्या पाण्यात आम्ल असते, तो हात डोळ्याले लावू नका. डोळा जाईन." तिनं मान हलवली.

साडेसातला इसरू दिवा घ्यायला आला. सुकरी खिडकीपाशी गेली आणि माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "इसरू, हे पाणी डोळ्यात गेलं त डोळा जाते म्हणते बाबू. खरं हाय का?"

इसरूनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "खरं हाय, वहिनी."

"बरं," ती म्हणाली, आणि कामाला लागली.

३१ जुलै

पंधरा-सतरा दिवस झाले. काम तिला चांगलं जमतं, माझ्यापेक्षा हात हलका आहे. माझ्याशी ती नीट बोलते, राग दाखवत नाही. पाऊस होता त्या दिवशी मला छत्रीही दिली. पण मी काहीही सांगितलं, अगदी आज पगार दोन वाजता आहे एवढंही, की ती ऐकून घेते, मान हलवते, आणि पुढचा जो माणूस खिडकीशी येईल त्याला तेच पुन्हा विचारते.